विंडोज सुरूच होईना? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करून बघा

रिपेअरवाल्याकडे पीसी नेला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावं लागेल." आपण विचारतो डेटा जाईल का, तो म्हणतो डी ड्राइव्हचा राहील, आणि आपण निवांत. पण डेस्कटॉपवर टाकलेल्या फाइल्स, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं मुळात सी ड्राइव्हवर असतं, आणि तोच तर उडणार असतो. म्हणून आधी डेटा बाहेर काढायचा आणि मग विंडोजशी खेळायचं.

सगळ्यात आधी स्क्रीनवर कंपनीचा लोगो येतोय का ते बघा. लोगोच येत नसेल, पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, किंवा डेस्कटॉप नुसता बीप बीप करतोय, तर विंडोजचा काही संबंध नाही, बऱ्याचदा रॅम (मेमरीची पट्टी) असते. स्विच बंद करून वायर काढा, पॉवर बटन थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो, मग रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, रबराचा भुसा ब्रशने झाडा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक्‌ करून बसेपर्यंत पट्टी दाबा. पावसाळ्यात दमट हवेने त्या दातांवर थर चढतो, त्यामुळे हा गावठी वाटणारा उपाय खरंच चालतो.

लोगो येतो पण पुढे "नो बूटेबल डिव्हाइस", म्हणजे विंडोज असलेली डिस्कच सापडत नाही, असं म्हणतो? मागे पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का बघा, हसू नका, बऱ्याच वेळा तेवढंच असतं. प्रिंटर, एक्स्टर्नल डिस्क सगळं काढून परत चालू करा. तरी नाही झालं तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन (बहुतेक मशीनवर चालू करताना एफ टू किंवा डिलीट दाबायचं) डिस्क दिसतेय का तपासा. दिसत नसेल तर केबल सैल झालीय किंवा डिस्क गेलीय. आणि हार्ड डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद करा, अशा डिस्कवर रिपेअर चालवलं तर होतं नव्हतं तेही जाईल.

आता लोगो येतो, गोल फिरत बसतो किंवा निळी स्क्रीन येते, ही खरी विंडोजची केस. गोल फिरायला लागलं की पॉवर बटन दहा सेकंद दाबून बंद करा, असं दोनतीनदा केलं की विंडोज स्वतःच ऑटोमॅटिक रिपेअरमध्ये जाते. लॉगिन स्क्रीनपर्यंत पोचत असाल तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, तेच पान उघडतं. तिथून ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स.

इथे बरेच जण अडकतात, कारण बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. मी तर बिटलॉकर लावलंच नव्हतं म्हणाल, पण हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं. मोबाइलवरून त्याच अकाउंटमध्ये जा, डिव्हाइसच्या खाली की सापडते, स्क्रीनवरच्या की आयडीशी जुळवून घ्या. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या बिघडलेल्या अपडेटने ८५ लाखांच्या आसपास मशीन्स निळ्या पडल्या, उपाय काय तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करणे, पण ही की हाताशी नाही म्हणून अनेक ठिकाणी काम खोळंबलं. कीच नसेल तर डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही, त्यामुळे "बघतो, जरा जास्त पैसे लागतील" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता डेटा. त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून कमांड प्रॉम्प्ट उघडा, नोटपॅड असं टाइप करून एंटर मारा, फाइल मेनूतून ओपन घ्या आणि खाली ऑल फाइल्स निवडा. ही छोटी खिडकीच तुमचा एक्सप्लोरर, फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर पेस्ट. प्रोग्रेस दिसत नाही, अडकल्यासारखं वाटतं, थांबा. इथे सी ड्राइव्हला कधी कधी डी म्हणून दाखवतात, तर यूजर्स फोल्डर जिथे दिसेल तो आपला. टॅलीचा डेटा विसरू नका. आणि जुन्या फाइल्स कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर ते फॉन्टही घ्या, नाहीतर उद्या पत्रिकेचा मजकूर उघडल्यावर सगळी अगम्य अक्षरं दिसतील.

डेटा निघाला, आता बिनधास्त. स्टार्टअप रिपेअर एकदा चालवा, फार आशा ठेवू नका. अपडेटनंतरच गडबड झाली असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्समधून शेवटचा क्वालिटी अपडेट काढा, माझ्या मते सगळ्यात कामाचं बटन हेच. विंडोज आधीच्या चांगल्या स्थितीत नेणारं सिस्टम रिस्टोअर बघा, पण बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं. मग स्टार्टअप सेटिंग्जमधून पाच दाबून इंटरनेटवाला सेफ मोड, तिथे पिन चालला नाही तर अकाउंटचा पासवर्ड टाका आणि नुकताच टाकलेला ड्रायव्हर किंवा दुसरा अँटिव्हायरस उडवा. विंडोज चालू झाली की ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ, बिघडलेल्या सिस्टम फाइल्स तो दुरुस्त करतो.

यातलं काहीच चाललं नाही तर ट्रबलशूटमधलं रीसेट धिस पीसी, म्हणजे विंडोज नव्याने टाकणं. कीप माय फाइल्स घेतलं तरी सगळे सॉफ्टवेअर जातात, फाइल्स राहतात. क्लाउड डाउनलोडला चार जीबीच्या आसपास नेट लागतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर मशीनमधल्याच फाइल्स वापरणारं लोकल रीइन्स्टॉल घ्या. रीसेटही फसला तर दुसऱ्या पीसीवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन आठ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा, त्यातलं सगळं पुसलं जाईल म्हणून डेटा कॉपी केलेला पेनड्राइव्ह वापरू नका. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, मशीनला चालत असेल तर ११च टाका. प्रॉडक्ट की विचारली की "माझ्याकडे की नाही" निवडा, त्या मशीनवर आधी ओरिजिनल विंडोज ॲक्टिव्हेट झालेली असेल आणि तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) निवडली तर नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते, त्यासाठी दुकानातल्या क्रॅकची गरज नाही.