पोलिश आडनावाची फोड कशी करावी

आधी शेपूट पाहा. 'स्की' किंवा 'त्स्की' असेल तर आडनाव बहुधा गावावरून आलेलं, आपल्या 'कर'सारखंच. विश्न्येव्स्की म्हणजे विश्न्येवोचा; मुळात 'विश्न्या', म्हणजे आंबट चेरी. पण या नावाची गावं पोलंडमध्ये अनेक आहेत, त्यामुळे नुसत्या आडनावावरून मूळ गाव ठरवू नका. 'स्की' दिसलं की सरदार घराणं, हाही भाबडा समज. कोवाल्स्की हे आडनाव 'कोवाल' म्हणजे लोहार या शब्दापर्यंत जातं.

'ओविच', 'एविच' म्हणजे अमक्याचा मुलगा: आदामोविच, आदामचा. 'चिक', 'इक', 'आक' हे लघुत्वाचे किंवा नात्याचे प्रत्यय. कोवाल्चिक हा लोहाराचा मुलगा किंवा त्याच्या हाताखालचा पोरगा. वुइचिक हे 'वुइत' म्हणजे गावप्रमुख, त्यावरून. नोवाक सरळ आहे, गावात नवा आलेला.

पूर्वज शोधताना खरी फसगत जन्म-लग्न-मृत्यूच्या जुन्या नोंदींत होते. पोलिशमध्ये आडनावालाही विभक्ती लागते. 'याना कोवाल्स्क्येगो' असं दिसलं तर माणूस यान कोवाल्स्की. शोधताना मूळ रूपच घ्या. बाई असेल तर कोवाल्स्का. जुन्या कागदांत नोवाकची बायको नोवाकोवा आणि अविवाहित मुलगी नोवाकुव्ना. ही तीन घराणी नव्हेत, एकच.

1868 नंतर रशियन अंमलाखालच्या पोलंडमधल्या नोंदी रशियनमध्ये, सिरिलिक लिपीत झाल्या. त्या लिपीतून परत पोलिशमध्ये आणताना स्पेलिंग हमखास बदलतं, म्हणून दोन-तीन पर्यायी रूपं लिहून ठेवूनच शोधायला बसा.