न कापता, न झोडपता: मेनॉमिनी पद्धतीने रानभात कसा गोळा करावा

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मेनॉमिनी या आदिवासी जमातीचं नावच या धान्यावरून पडलंय. शेजारच्या ओजिब्वे भाषेत मनोमिन म्हणजे उथळ पाण्यात आपोआप उगवणारा रानभात. आपल्या तांदळाचा हा लांबचा भाऊबंद. मेनॉमिनी जिथे वस्ती करतात तिथे हा भात मागोमाग येतो, अशी जुनी समजूत आहे. हंगाम ऑगस्टअखेर ते सप्टेंबर.

1. आधी विचारा. वुल्फ नदीकाठची राखीव भूमी त्यांना 1854 च्या कराराने मिळाली. 1954 च्या कायद्याने सरकारने त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली. ती त्यांनी 1973 मध्ये लढून परत मिळवली. त्यामुळे त्यांच्या हद्दीत न विचारता होडी घालू नका. राज्यातल्या इतर पाण्यासाठी परवाना लागतो. सुरुवातीला पाण्याला चिमूटभर तंबाखू वाहायची, हा तिथला नमस्कार.

2. होडीत दोघं बसा. मागचा उभा राहून लांब दांड्याने होडी रेटतो. दांड्याचं टोक दुबेळक्याचं, म्हणजे तो चिखलात रुतत नाही आणि मुळंही दुखावत नाहीत. पुढच्याच्या हातात सीडरच्या लाकडाच्या दोन हलक्या काठ्या. विस्कॉन्सिनच्या नियमानुसार 38 इंचांपेक्षा लांब चालत नाहीत. एका काठीने ताटं होडीवर ओणवायची, दुसरीने लोंब्यांवरून अलगद सपकारायचं. पिकलेला दाणा टपटप पडतो. जो पडत नाही तो हिरवा आहे, त्याला राहू द्या. एकाच लोंबीतले दाणे मागेपुढे पिकतात, म्हणून काही दिवसांनी पुन्हा त्याच ताटाकडे यायचं असतं. जोर लावून ते मोडलंत तर पुढचा दाणा गेलाच. बरेच दाणे पाण्यात पडतील. हळहळू नका, पुढच्या वर्षीचं बी तेच. आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला: याची कुसळं डोळ्यांत, घशात जातात.

3. त्याच दिवशी पसरा. ओला ढीग आतून तापतो आणि बुरशी धरतो. पूर्वी बर्चच्या सालींवर पसरत, आता ताडपत्री चालते. काड्या, अळ्या वेचून काढा.

4. भाजा. लोखंडी कढई मंद आचेवर तिरकी ठेवून लाकडी उलथन्याने सतत हलवत राहायचं. खरा कस इथे लागतो. हात क्षणभर थांबला तर तळचे दाणे करपतात आणि सगळ्या घाण्याला तो वास लागतो. तूस कुरकुरीत होऊन दाणा तपकिरी झाला, की उतरवा.

5. तुडवा आणि पाखडा. कातड्याने मढवलेल्या लहान खड्ड्यात दाणे घालून, स्वच्छ मऊ मोकॅसिन (कातडी जोडे) चढवून, नाचल्यासारखं तुडवतात. दोन्ही बाजूंच्या खांबांना धरायचं, म्हणजे अंगाचा पूर्ण भार दाण्यावर येत नाही. नाहीतर कण्या होतात. मग बर्चच्या सालीच्या परातीत वाऱ्यावर पाखडायचं. सूप धरता येणाऱ्या हातांना हे शिकवावं लागणार नाही!

6. शिजवा. एक वाटी भाताला तीन वाट्या पाणी, वीस-पंचवीस मिनिटं. दाणा उकलून आतला पांढुरका भाग दिसला की झाला. दुकानातला काळाभोर भात बहुधा शेतात लावलेला असतो, त्याला पाऊण तास ते तासभर लागतो. बदकाच्या किंवा हरणाच्या रश्श्यात रानभात तिथे जुन्या काळापासून शिजतो. शाकाहारी असाल तर गरम भातावर मेपलचा पाक आणि मूठभर बेरी घाला. भाजताना आलेला धुरकट वास त्या गोडाखाली हलकेच लागतो.