शेड ते गोदाम: वायरलेस ब्रिज जोडताना
सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडमधून समोरच्या गोदामात नेट न्यायचंय? दोन्ही टोकांचे ॲक्सेस पॉइंट (वाय-फायची उपकरणं) आधी टेबलावरच सेट करा. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वेगळे द्या, १९२.१६८.१.२ आणि १९२.१६८.१.३. डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी वाटणं, दोन्हींवर बंद. ते काम राउटरचं.

डब्ल्यूडीएसमध्ये (दोन ॲक्सेस पॉइंट वायरलेसनं जोडणारी सेटिंग) समोरच्याचा वायरलेस मॅक पत्ता (उपकरणाचा कायमचा ओळख क्रमांक) टाका, लॅन पोर्टचा नव्हे. बहुतेकांचं इथंच चुकतं. चॅनल 'ऑटो'वर मुळीच नको: एका टोकानं तो बदलला की लिंक तुटते. दोन्हीकडे चॅनल ३६, रुंदी ४० मेगाहर्ट्झ, पासवर्डही तोच.

लिंक जुळताच एका टोकाची लॅन केबल काढा. दोन्ही एकाच स्विचला राहिले तर लूप होऊन, म्हणजे डेटा गोल फिरत राहून, सगळं नेटवर्क ठप्प होतं.

पत्र्याआड सिग्नल मरतो, म्हणून बाहेर, समोरासमोर बसवा. सिग्नल उणे ६५ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) कमकुवत दिसला तर दिशा पुन्हा जुळवा.