जपानमध्ये ज्येष्ठांसोबत जुनी गाणी गाताना या चुका टाळा

जपानी शिकून काइगोच्या, म्हणजे वृद्धसेवेच्या कामासाठी जपानला येणारी मराठी मुलंमुली आता अधूनमधून भेटतात. भारत आणि जपानमध्ये कुशल कामगारांचा करार जानेवारी 2021 मध्ये झाला, त्यानंतर हा रस्ता आणखी रुंद झाला. डे सर्व्हिसमध्ये, म्हणजे ज्येष्ठ दिवसभर येऊन संध्याकाळी घरी परततात अशा केंद्रात, रुजू झालं की नव्या माणसाकडे लवकरच 'रेकु' येतो, म्हणजे करमणुकीचा तास. त्यातही 'उता रेकु', सगळ्यांनी मिळून गायचा तास, सगळ्यात सोपा वाटतो. जुनी गाणी लावायची, टाळ्या वाजवायच्या, झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या तासाला वीस जणांपैकी तिघी गायल्या आणि बाकीचे माझ्याकडे प्रेमाने बघत बसले. त्यानंतर जे शिकले ते इथे लिहिते आहे.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: 'म्हातारी माणसं' हा एकच गट समजणं

नवा माणूस यादी करतो ती अशी: 'फुरुसातो' (म्हणजे 'आपलं गाव', 1914), 'आकातोम्बो' (1927), आणखी दोन बालगीतं. ही गाणी सगळ्यांना येतात, म्हणून ती सुरक्षित वाटतात. पण येणारं गाणं आणि आपलं गाणं यांत फरक आहे. माणसाचं आपलं गाणं बहुतेकदा त्याच्या वयाच्या दहाव्या ते पंचविसाव्या वर्षांतलं असतं. त्या वयातल्या आठवणी सगळ्यात घट्ट राहतात, हे मानसशास्त्रातही मान्य आहे.

आता हिशेब करा. 1930 साली जन्मलेल्या बाई युद्ध संपलं तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. नामिकी मिचिकोंनी गायलेलं 'रिंगो नो उता' त्याच हिवाळ्यात बॉम्बहल्ल्यांत जळालेल्या शहरांमधून ऐकू येत होतं. 1945 साली जन्मलेले गृहस्थ सोळा वर्षांचे झाले तेव्हा, म्हणजे 1961 मध्ये, साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते आरुको' आलं. ते एकवीस वर्षांचे असताना बीटल्स तोक्योच्या बुदोकानमध्ये गाऊन गेले. आणि 1955 साली जन्मलेल्या बाईंना गिटारवरचं 'कांदागावा' (1973) आपलं वाटतं. तिघं एकाच टेबलाशी बसून चहा पितात आणि आपण तिघांनाही बालगीत देतो.

सोपी युक्ती सांगते. इथल्या कागदपत्रांत जन्मवर्ष शोवा कालगणनेत, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीपासून मोजलेल्या वर्षांत, असतं. शोवा आकड्यात 1940 मिळवले की ती व्यक्ती पंधराची झाली ते साल मिळतं: शोवा 5 म्हणजे 1945, शोवा 15 म्हणजे 1955, शोवा 30 म्हणजे 1970. त्या सालाच्या पुढेमागे पाच-सात वर्षांतली गाणी शोधा. एका तासात निदान तीन पिढ्यांची गाणी यायला हवीत, म्हणजे प्रत्येकाला एकदा तरी 'हे माझं' असं वाटेल.

नुसतं साल पुरत नाही, गावही विचारा

1950 आणि 60 च्या दशकांत ईशान्य जपानच्या खेड्यांतून माध्यमिक शाळा संपवलेली पंधरा वर्षांची मुलं खास रेल्वेगाड्यांनी तोक्योला कामाला यायची. उएनो स्टेशनवर उतरायची. त्यांना 'सोन्याची अंडी' म्हणत. इझावा हाचिरोचं 'आ उएनो एकी' (1964) हे त्यांचं गाणं, आणि स्टेशनबाहेर त्याचं स्मारकही आहे. ओसाकाच्या माणसाला हे गाणं नुसतं ओळखीचं असतं. ईशान्येतल्या आओमोरीहून आलेल्या माणसाला ते हातातल्या गाठोड्यासकट आठवतं.

इथेच एक चूक मी केली. फुनाकी काझुओचं 'कोको सान्नेन्सेइ' (1963), म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचं गाणं, उत्साहाने गाऊन झालं. मी एका बाईंना विचारलं, "तुमचं हायस्कूल कुठलं?" त्या नुसत्या ओठांनी हसल्या आणि चहाचा कप दोन्ही हातांनी फिरवत राहिल्या. नंतर शेजारच्या सहकारिणीने सांगितलं की त्या पंधराव्या वर्षी सूतगिरणीत लागल्या होत्या. 1955 च्या सुमारास जपानमध्ये जेमतेम निम्मी मुलं हायस्कूलला जात. गाण्यात हायस्कूल आहे म्हणून गाणाऱ्याच्या आयुष्यात असेलच असं नाही. आता मी विचारते, "हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलंत?" याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं: रेडिओवर, गिरणीच्या वसतिगृहात, सायकलवरून जाताना.

मूळ पट्टीत गाणं

सुरुवातीला सगळे गातात आणि ध्रुवपदाला आवाज गळतात, असं झालं तर दोष गाण्याचा नाही, पट्टीचा आहे. वयाबरोबर बायकांचा आवाज खाली उतरतो. तरुण गायिकेने वरच्या पट्टीत गायलेलं गाणं सत्तरी-ऐंशीच्या घशाला झेपत नाही. काराओके मशीनवर किंवा कीबोर्डवर पट्टी बदलायचं बटण असतं. दोन ते चार अर्धसूर खाली आणा आणि आधी स्वतः सगळ्यात वरचा सूर गाऊन बघा. पुरुषांना फार खाली वाटली तर एखादं गाणं खास त्यांच्यासाठी ठेवा.

लयीचं उलट आहे. ज्येष्ठ म्हणजे संथ, असं समजून आपण गाणं इतकं ओढतो की ओळ संपेपर्यंत श्वास पुरत नाही. 'उए ओ मुइते आरुको' हे मान वर करून चालत राहण्याचं गाणं आहे, डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून. ते चालण्याच्या लयीतच हवं. जून 1963 मध्ये अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही जपानी शब्दांसकट. मध्ये शिट्टी आहे, ती गाळू नका. कवळी लावलेल्या बऱ्याच माणसांना शिट्टी येत नाही, नुसती हवा निघते, पण एकदा वीसच्या वीस जण ओठ गोल करून फुंकर घालत होते आणि खोलीभर वाऱ्यासारखा आवाज झाला. त्या महिन्यातला तो सगळ्यात सुंदर क्षण होता.

टाळ्यांचंही सांगून टाकते. इथले ज्येष्ठ पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला टाळी देतात. तरुण स्वयंसेवक दुसऱ्या-चौथ्या मात्रेला देतात आणि सगळं विस्कटतं. आपण त्यांच्यामागे जायचं. आणि 'फुरुसातो' तीन मात्रांचं आहे, तिथे टाळीपेक्षा डोलणं बरं.

शब्द कसे दाखवायचे

छोट्या कागदावर शब्द दिले की माना खाली जातात आणि आवाज कोंडतो. मोझोशीवर, म्हणजे मोठ्या पोस्टर कागदावर, जाड मार्करने लिहून समोर टांगा. मला वाटायचं की सगळं हिरागानात, म्हणजे उच्चारानुसार लिहायच्या सोप्या लिपीत, लिहिलं तर सोपं जाईल. तसं नाही. ही माणसं आयुष्यभर कांजी, म्हणजे चिनी चिन्हं, वाचत आली आहेत, नुसतं हिरागाना त्यांना अडखळायला लावतं आणि लहान मुलांचं पुस्तक हातात दिल्यासारखं वाटतं. कांजी लिहा, अवघड असेल तिथेच वर छोटा उच्चार द्या. ज्यांना दिसत नाही किंवा वाचता वाचता ओळ हरवते, त्यांच्यासाठी पुढची ओळ सुरू होण्याच्या क्षणभर आधी तिचे पहिले दोन-तीन शब्द मोठ्याने बोला. स्मृतिभ्रंश असलेली माणसंसुद्धा एवढ्या आधारावर पूर्ण ओळ गातात. शब्दांच्या प्रती काढून वाटणं ही मात्र नक्कल ठरते. गाणं अजून कॉपीराइटखाली असेल तर परवानगी लागते, आधी व्यवस्थापनाला विचारा.

वेळ चुकणं

ही चूक मराठी माणसाच्या लक्षात येणं कठीण आहे. 'युयाके कोयाके' (1923) हे फार गोड गाणं आहे: सूर्य मावळतो, देवळाची घंटा वाजते, कावळ्यांबरोबर आपणही हातात हात घालून घरी जाऊ. कित्येक गावांत संध्याकाळी पाचच्या सुमारास नगरपालिकेच्या भोंग्यांवर याचीच धून वाजते. खेळणारी मुलं ती ऐकून घरी पळतात. आता हे गाणं निवासी वृद्धाश्रमात दुपारी चारनंतर गा. कुणीतरी उठून पर्स घेतंच. "मुलं शाळेतून आली असतील, मला निघायला हवं." दाराशी समजूत काढण्यात तासभर जातो, आणि त्या बाईंची तगमग खरी असते. 'फुरुसातो'चंही तेच. डे सर्व्हिसमध्ये मात्र, जिथे सगळे खरंच घरी जाणार असतात, ही दोन्ही निरोपाला शोभतात. निवासी ठिकाणी ती सकाळी गा.

दुखरी गाणी, आणि रडू आलं तर

'गाम्पेकी नो हाहा' (1954) युद्धानंतर सायबेरियात अडकलेला मुलगा परतेल म्हणून माइझुरू बंदराच्या धक्क्यावर वाट बघणाऱ्या आईचं गाणं आहे. ते आणि युद्धकाळातली गाणी आपण होऊन यादीत घालू नका. पण कुणी स्वतःच सुरू केलं तर मध्ये तोडू नका. पूर्ण गाऊ द्या, शेजारी जाऊन बसा.

कुणी रडलं की नवा माणूस घाबरून गाणं बंद करतो आणि सगळ्यांसमोर "रडू नका" म्हणतो. त्यापेक्षा गाणं चालू ठेवा, हळूच टिश्यू सरकवा आणि डोळे दुसरीकडे वळवा. रडणं म्हणजे बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. चेहरा घट्ट होणं, हात थरथरणं, खोलीतून निघून जाणं ही वेगळी गोष्ट, तेव्हा सोबत जा.

आपलेपणाने बोलताना

आपल्याकडे कुणाही वयस्कर बाईंना 'आजी' म्हणणं हा आदर आहे. इथे परक्या बाईंना 'ओबाआचान' म्हटलं की त्यांना कमीपणा वाटू शकतो. आडनाव आणि 'सान', बस. "छान गायलात हं" असं लहान मुलाला म्हणावं तसं म्हणण्यापेक्षा "हे गाणं मला शिकवाल का?" असं विचारा. आपण परदेशी आहोत, आपल्याला खरंच येत नसतं, त्यामुळे हा प्रश्न खोटा वाटत नाही. 'हे कुणी गायलं होतं, ओळखा' असली कोडीही नकोत, नाव न आठवल्याची लाज चारचौघांत होते.

आणि एक वही ठेवा. कुणाचं शोवा साल कोणतं, गाव कुठलं, कुठल्या गाण्याला मान वर आली. माझ्या वहीतल्या एका पानावर 'शोवा 6, बोलत नाहीत' असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली चार महिन्यांनी दुसऱ्या शाईत: 'आओइ साम्म्याकु (1949), दुसऱ्या कडव्याला ओठ हलले. पुढच्या मंगळवारी परत.'