सर्व्हरवरच्या नको असलेल्या सर्व्हिस बंद करताना या चुका टाळा

ऑपरेटिंग सिस्टीम इन्स्टॉल केल्यावर तिच्या नेटवर्क सर्व्हिस बंदच असायला हव्यात. ज्याला जी लागेल ती त्याने चालू करावी, असं माझं ठाम मत आहे. 2001 मध्ये कोड रेड वर्म (मशीनमागून मशीन आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमधल्या त्रुटीतून पसरला, तेव्हा विंडोज 2000 सर्व्हरसोबत आयआयएस आपोआप बसायचा. मशीनवर वेब सर्व्हर चालू आहे याचा पत्ताच नसेल, तर त्याला पॅच, म्हणजे त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट, कोण लावणार? विंडोज सर्व्हर 2003 पासून आयआयएस आपोआप बसणं थांबलं.

आज सगळ्यात जास्त फसगत होते ती 'उबंटूमध्ये पोर्ट बंदच असतात' या समजुतीने. (उबंटू, डेबियन आणि फेडोरा हे लिनक्सचे प्रकार; पोर्ट म्हणजे सर्व्हिसपर्यंत पोहोचण्याचा नंबर असलेला दरवाजा.) ताज्या इन्स्टॉलपुरतं ते बरंचसं खरं आहे. पण डेबियन-उबंटूवर एखादं सर्व्हर पॅकेज टाकलं की त्याची सर्व्हिस बहुतेक वेळा लगेच सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक बूटलाही होते. फेडोरात सहसा ती आपल्याला चालू करावी लागते, आणि मला तीच पद्धत योग्य वाटते. त्यामुळे पॅकेज टाकल्यावर 'एसएस' (ss) कमांडने ऐकणारे पोर्ट बघाच. पत्ता 127.0.0.1 असेल तर सर्व्हिस मशीनपुरती आहे, 0.0.0.0 दिसला तर ती प्रत्येक नेटवर्क इंटरफेसवर ऐकतेय. सप्टेंबर 2024 मध्ये उघड झालेली कप्स या लिनक्सच्या प्रिंटिंग सिस्टीमच्या कप्स-ब्राउझ्डमधली त्रुटी नेमकी अशीच होती: प्रिंटर शोधणारा हा प्रोग्राम यूडीपी पोर्ट 631 वर कुठूनही आलेलं पॅकेट खरं मानायचा.

दुसरी चूक सिस्टमडीत (लिनक्समधल्या सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिस 'डिसेबल' करून निर्धास्त होण्याची. डिसेबल म्हणजे पुढच्या बूटला सुरू होणार नाही एवढंच. आत्ता चालू असलेली सर्व्हिस चालूच राहते. ती 'स्टॉप'ही करावी लागते. आणि तरीही कप्ससारखी सर्व्हिस परत उठते. कारण 'कप्स डॉट सॉकेट' (सर्व्हिसच्या वतीने कनेक्शनची वाट बघणारा सिस्टमडीचा भाग) जागा असतो, कनेक्शन आलं की तो सर्व्हिसला उठवतो. स्टॉप करताना सिस्टमडी तशी सूचना देतं, पण घाईत ती कोणी वाचत नाही. सॉकेटही बंद करा. मुळीच नको असेल तर पॅकेजच काढून टाका. ते जमत नसेल तर 'मास्क' करा, म्हणजे ती सुरूच करता येणार नाही.

फायरवॉल आहे म्हणून सर्व्हिस चालू ठेवणंही चुकीचंच. डॉकरने (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) पब्लिश केलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या उबंटूच्या फायरवॉलचे नियम ओलांडून बाहेर उघडा पडतो. डेटाबेस कंटेनर असेल तर पोर्टच्या आधी 127.0.0.1 लिहा, आणि दुसऱ्या मशीनवरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्राम) चालवून खात्री करा.

रिमोट सर्व्हरवर यूएफडब्ल्यू चालू करण्याआधी एसएसएचला (दुरून लॉगिन करण्याच्या सर्व्हिसला) परवानगी द्या, नाहीतर तुम्हीच बाहेर अडकाल. दुसऱ्या टर्मिनलमधून नव्याने लॉगिन होतंय हे बघेपर्यंत पहिलं सेशन बंद करू नका.