गढूळ प्लाक फेकून देऊ नका

टी. वाय.च्या मुलांना प्रोजेक्टसाठी मी नेहमी बॅक्टेरियोफेज (थोडक्यात फेज) सुचवते. जिवाणूंना लागणारे हे विषाणू मुंबईच्या सांडपाण्यात भरपूर सापडतात. नमुना हातमोजे घालूनच घ्या, सेंट्रिफ्यूज करा (वेगाने फिरवून गाळ खाली बसवा), ०.२२ मायक्रॉन फिल्टरने गाळा.

फेज वाढवायला लागणाऱ्या ई. कोलाय जिवाणूचा मात्र लॅम्डा नावाचा फेज नसलेला स्ट्रेन (वाण) मागवून घ्या. मूळ के-१२ या स्ट्रेनमध्ये लॅम्डा फेज आधीपासूनच ठाण मांडून असतो. एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ साली तो ओळखला. जिवाणूंचं ताजं कल्चर आणि गाळलेलं पाणी ४५ अंशांच्या पातळ अगारमध्ये (जेलीसारख्या माध्यमात) मिसळून प्लेटवर ओता. ३७ अंशांना रात्रभर ठेवा.

सकाळी प्लेट उजेडासमोर धरा. जिवाणूंच्या थरात फेजने जिवाणू मारले तिथे ठिपके, म्हणजेच प्लाक, दिसतात. काचेसारखे स्वच्छ ठिपके बघून सगळे खूश होतात. मला आवडतात ते मधोमध दुधाळ, म्हणजे गढूळ असलेले. तिथे काही जिवाणू मेलेलेच नाहीत! बहुतेकदा फेजचा डीएनए त्यांच्या गुणसूत्रात बसलेला असतो आणि त्याच फेजचा नवा हल्ला ते परतवतात. मधल्या भागातून लूपने (तारेच्या कडीने) उचलून नव्या प्लेटवर स्ट्रीक करा, म्हणजे रेघा ओढत पसरवा. वेगळ्या झालेल्या वसाहतीवर तोच फेज टाका. ठिपका पडला नाही, तरी घाई नको. तो जिवाणू नुसता प्रतिकारक म्युटंटही (जनुकीय बदलामुळे फेजला दाद न देणारा) असू शकतो. आत लपलेला फेज जागा व्हावा म्हणून थोडा वेळ यूव्ही (अतिनील किरण) द्या (डोळ्यांवर गॉगल हवाच), वाढू द्या, मग गाळून ताज्या जिवाणूंवर टाका. प्लाक आले, तर आत फेज होता.

पटकीच्या जिवाणूच्या विषाचं जनुकही असंच फेजकडून आलेलं आहे. १९९६ साली ते सिद्ध झालं.

प्लेट्स १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करूनच (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करूनच) टाका.