जुनं फर्निचर: आधी उलटं करून बघा

जुनी खुर्ची किंवा कपाट घेताना पॉलिशवर भाळू नका, ते कालच मारलेलं असू शकतं. वस्तू उलटी करा, खण पूर्ण बाहेर ओढा, मागची फळी बघा.

कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली, तर आत बहुधा प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) असतं. प्लायला नावं ठेवायचं कारण नाही. पाण्याने फुगलेलं एमडीएफ मात्र पुन्हा बसत नाही, ते सोडून द्या.

मग सांधे. कोपरा धरून तिरका हलवा. थोडं डुगडुगलं तर बहुतेक वेळा डिंक सुटलेला असतो, घरी दुरुस्त होतं. पण सांध्यात खिळे ठोकलेले असतील तर भाव पाडून मागा: खिळ्याने लाकूड चिरतं आणि सांधा धड उघडताही येत नाही. कपाटाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक जास्त असला की दारं नीट लागत नाहीत.

1-2 मिमीच्या गोल भोकांची कड फिकट असेल आणि खाली पिठासारखा ताजा भुसा असेल, तर किडा अजून आत आहे असंच धरा. ठोकल्यावर पोकळ वाजलं तर वाळवीचा संशय घ्या. पलंगाच्या फटींत टॉर्च मारा. काळे ठिपके दिसले तर ढेकणांचा संशय घ्या.

ढिला सांधा जोडताना जुना डिंक लाकूड दिसेपर्यंत खरवडा. नवा डिंक जुन्या थरावर सहसा धरत नाही, दुरुस्ती फसते ती इथेच. मग क्लॅम्प लावून 24 तास हात लावू नका. अडकणाऱ्या खणाला लगेच रंधा मारू नका. दमट हवेत फुगलेलं लाकूड कोरड्या हवेत आकसतं आणि तासलेला खण खुळखुळायला लागतो. घासणाऱ्या कडांना मेणबत्ती चोळली तरी बऱ्याचदा भागतं. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

घरातली वस्तू पुढे द्यायची असेल तर घेणाऱ्यांना आधी विचारा, हवी आहे का. आणि त्यांच्या दाराची रुंदी, जिन्याचं वळण मोजायला सांगा. सांधे घट्ट करून द्या, पण पॉलिश खरवडून नवं करू नका, तो निर्णय घेणाऱ्याचा. कोणी केली, कोणतं लाकूड, काय दुरुस्त झालं, हे कागदावर लिहून पाकिटात घाला. काढून ठेवलेल्या मुठी, बिजागऱ्या आणि जादा किल्लीही त्यातच, आणि पाकीट खणाच्या तळाला आतून चिकटवा.